ऐंशी अक्षरांची ओळ

माणसाच्या पाठीमागे येऊन उभं राहण्याची सवय मला मुळीच खपत नाही. घरी स्वयंपाक करताना नवरा मागे येऊन "मीठ घातलं का" असं विचारू लागला, की मी कलथा त्याच्या हातात देते आणि बाहेर येऊन कूलरसमोर बसते. पण ऑफिसात सरांपुढे माझं काही चाललं नाही. मी तिथे लागले त्या दिवसापासून ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. चार हात लांब, हात मागे बांधलेले, मान जराशी तिरपी. आणि बोलायचे ते ठरलेलं.

"तिसरी ओळ बाहेर आली, पाहा."

मी काय लिहिलंय, ते चालतंय का, गिऱ्हाइकाला आज द्यायचंय का, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ते आधी फक्त आकार बघायचे. तेवढ्या लांबून अक्षरं वाचता येणं शक्यच नव्हतं, पण कुठली ओळ आपल्या शेजारणीपेक्षा पुढे घुसली आहे, कुठला कंस लोंबतोय, हे त्यांना खालच्या रस्त्यावरूनही दिसलं असतं. मी चडफडत ती ओळ नीट करायची. नीट करताना दहातल्या सात वेळा तिथे खरीच चूक सापडायची, त्यामुळे तर आणखी राग यायचा.

सर साठीच्या आसपासचे. नागपूरच्या वेशीवर वाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागच्या बाजूला. लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," एवढंच सांगायचे. सकाळी स्कूटरनं निघण्याआधी कपभर चहा घेऊन गोदामासमोर उभे राहायचे आणि ट्रकमध्ये माल कसा भरतात ते पाहायचे. हमालांनाही त्यांची सवय झाली होती. ऑफिसला आले की खाली पार्किंगमधल्या तिरप्या लावलेल्या गाड्या सरळ करायचे, आपल्या नव्हे, सगळ्यांच्या. एकदा एका साहेबांनी चोर समजून त्यांना हटकलं, तर सर म्हणाले, "हँडल जरा डावीकडं घ्या, मग जाऊन राहिलो मी."

आता त्यांच्या कामाबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो ती फंक्शनल जातीची. म्हणजे सगळं गणितातल्या सूत्रांसारखं बांधायचं, एकदा मांडलेली किंमत मागाहून बदलायची नाही. ही भाषा येणारे नागपुरातले सगळे लोक दोन ऑटोत मावतील. या भाषेसाठी सरांनी फार पूर्वी एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, जो कोणीही फुकट घेऊन आपल्या कामाला जोडावा. तिचं काम एकच. मशीनच्या पोटातून जे लांबलचक भेंडोळं बाहेर पडतं, ते माणसाला वाचता येईल अशा ओळींमध्ये मोडून मांडायचं. धंद्यात याला प्रेटी-प्रिंटिंग म्हणतात. सर म्हणायचे, पाहुण्यांना जेवायला बसवणं. लायब्ररीचं नावही त्यांनी 'पंगत' ठेवलं होतं. परदेशातले लोक तिला 'पँगट' म्हणायचे आणि वापरायचे. सरांना त्याचं काही नव्हतं.

पंगतीला तुम्ही फक्त रुंदी सांगायची. रुंदी ऐंशी म्हणजे एका ओळीत जास्तीत जास्त ऐंशी अक्षरं. मग नियम असा की, जे शब्द एका गटाचे आहेत ते एका ओळीत मावले तर शेजारी शेजारी बसवायचे. त्यातला एक जरी बाहेर राहत असेल, तर सगळेच एकाखाली एक घ्यायचे. तिघं वर आणि एक बिचारा खाली लोंबतोय, हे सरांना चालत नसे. "अर्धवट मोडायचं नाही" हा त्यांचा मंत्र होता आणि तो त्यांनी कोडपुरता ठेवला असता तर आमचे हाल झाले नसते.

आमची चौघांची टीम होती. सर, मी, निखिल आणि अश्विनी. दुपारी आम्ही ऑफिसमागच्या गल्लीत तर्री-पोहे खायला जायचो. तिथल्या बाकावर तिघं बसतात. पहिल्या दिवशी आम्ही तिघं बसलो आणि निखिल उभा राहिला, तर सरही उठले.

"उठा."

"काहून सर?" निखिल म्हणाला. "मी राहतो ना उभा."

"चौघं नाही मावत, तर कोणीच नाही बसायचं. गट आहे आपला."

झालं. त्यानंतर आम्ही कायम उभ्यानंच पोहे खाल्ले. रिकाम्या बाकासमोर चार माणसं प्लेटा घेऊन उभी आहेत, हे पाहून येणारेजाणारे बाक ओला आहे का म्हणून हात लावून पाहायचे. नव्यानं येणाऱ्याला पोहेवालाच सांगायचा, "बसा जी तुम्ही, त्यांचं वेगळं आहे."

त्याच गल्लीत सरांचा एक वैरी होता. पोह्याच्या ठेल्यासमोर एक चक्की आहे, तिच्या पाटीवर 'आटाचक्की व मसाला कांडप' असं रंगवलं आहे. रंगाऱ्यानं सुरुवात झोकात केली आणि शेवटी त्याला जागाच उरली नाही. त्यामुळे 'कांडप'मधला 'प' इवलासा होऊन फळीच्या कोपऱ्याला लोंबतो. सरांना ती पाटी बघवत नसे. "रुंदी आधी मोजायची असते गा," असं ते आपल्याशीच पुटपुटायचे. पाटीकडे पाठ करून पोहे खायचे. आणि जाता-येता ती समोर येऊ नये म्हणून आम्हाला मागच्या रस्त्यानं वळसा घालून न्यायचे. मे महिन्याच्या उन्हात, दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो वळसा मी घातलेला आहे. घालताना मनात काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढे एका दिवाळीनंतर सरांनी पंगतीची मूळची रुंदी ऐंशीवरून साठ केली. कोणी विचारलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. मग काही महिन्यांनी पन्नास. मग चाळीस. आमचा सगळा कोड पंगतीतून जायचा, त्यामुळे तो उंच आणि बारीक होत गेला. पूर्वी एका नजरेत बसणारं काम आता खाली खाली जाऊन राहिलं होतं. मॅनेजर वैतागले. मी विचारलं तर सर म्हणाले, "ऐंशी खूप होतात वं. डोळ्याला धावावं लागते."

आणि इथे आम्ही शिकलेल्या लोकांनी जो शहाणपणा केला तो ऐका. आमच्या धंद्यात माणूस काही विचित्र करू लागला की आम्ही त्याला बरं आहे का असं विचारत नाही, आम्ही त्यामागचं तत्त्व शोधतो. निखिलनं मॅनेजरला वर्तमानपत्राच्या स्तंभांचं उदाहरण देऊन पटवलं, की अरुंद ओळ मेंदूला सोपी जाते. अश्विनीनं त्यावर ऑफिसात छोटंसं भाषण दिलं, समोसे मागवले होते. फिनलंडकडच्या एका गृहस्थानं, जो पंगत वापरायचा, अरुंद ओळींच्या सौंदर्यावर भलामोठा लेख लिहिला आणि सरांना द्रष्टा म्हटलं. मी तो लेख सरांना वाचून दाखवला. सर काळ्याभोर स्क्रीनवर बोटभर उंच अक्षरं ठेवून बसले होते. ऐकलं, "हूं" म्हणाले आणि चहा मागवला.

त्याच सुमारास त्यांनी स्कूटर सोडली आणि वाडीहून बसनं येऊ लागले. ट्रकवाले फार माजले, म्हणाले. आणि आम्हाला वळसा घालायला लावणंही बंद केलं. सरळ चक्कीवरून जायचे, पाटीकडे तोंड करून पोहे खायचे. आम्हाला वाटलं, वयानं माणूस निवळला. अश्विनी तर म्हणाली, "सर आता किती शांत झाले ना."

मग एके सकाळी ते नेहमीसारखे माझ्या मागे येऊन उभे राहिले. आदल्या दिवशी मी घाईत एक तुकडा हातानं जोडला होता, पंगतीतून न काढता. मी वाट पाहत होते शेरा ऐकायची. सर थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "छान आहे."

छान? इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. क्षणभर सुखावले, खोटं कशाला सांगू. मग स्क्रीनकडे पाहिलं. मधली एक ओळ शेजारच्या ओळींना सोडून पार उजव्या काठापर्यंत गेली होती. शेंबड्या पोरानंही दाखवली असती.

दुपारी पोहे खाताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, हल्ली या पाटीचा त्रास नाही होत तुम्हाले?"

"नवीन केली ना त्यांनी पाटी," सर म्हणाले. "आता बरी आहे. म्हणून तर इकडून येतो."

आम्ही तिघांनी समोर पाहिलं. तीच फळी, तेच रंग, आणि कोपऱ्यात लोंबणारा तोच 'प'. निखिलचा चमचा हातातच राहिला. सरांना आमची शांतता ऐकू आली.

"नाही केली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही सर."

ते प्लेटमधली तर्री ढवळू लागले. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील मूळचे खाप्याचे, इतवारीत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळेच्या प्रश्नपत्रिका. कागदावर अक्षरं कशी बसवायची हे सर त्यांच्याजवळ बसून शिकले होते. "एक दिवस बाबा म्हणाले, आजकाल कागद लहान येऊन राहिला. प्रेसवाल्याशी भांडले त्याच्यापायी. कागद तेवढाच होता. काचबिंदू होता त्यायले. दोन्ही बाजूनं अंधार येत गेला. मधातलं तेवढं राहिलं काही वर्षं, मग तेही गेलं." सरांनी चमचा प्लेटमध्ये ठेवला. "अन् आता मले स्क्रीन लहान होऊन राहिली."

"मग डॉक्टरले दाखवलं काहून नाही?" मी विचारलं.

"दाखवलं अन् तेच निघालं तर?"

मला इतका संताप आला की माझा आवाज चढला. पोहेवाल्यानंही वळून पाहिलं. "अन् नाही दाखवलं तर ते आपोआप निघून जाणार आहे का सर? जगातल्या लोकांच्या ओळी सरळ करता, अन् स्वतःच्या डोळ्यांचं असं?" रागावले होते, पण खरं म्हणजे मी घाबरले होते. या माणसाचं जगणंच मुळी डोळ्यांवर होतं. ज्याला लोंबणारं एक अक्षर सहन होत नाही, त्यानं अंधारात काय करायचं?

सर उरलेले पोहे खाऊ लागले. शेवटी निखिलनं प्लेट खाली ठेवली.

"सर, आपण चौघं गट ना?"

"मग?"

"मग अर्धवट मोडायचं नाही. डोळे तपासायचे तर चौघांनी. नाहीतर कोणीच नाही. माझ्याही डोळ्यातून पाणी येते, मी पण नाही जात मग."

"तुझे डोळे चांगले आहेत गा."

"नियम तुमचाच आहे जी," निखिल म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर तीन जागा रिकाम्या होत्या, त्यामुळे अर्थातच चौघंही उभे राहिलो. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा बसायला सांगितलं आणि मग नाद सोडला. सगळ्यांची तपासणी झाली. निखिलचे डोळे ठणठणीत निघाले. अश्विनीला चष्मा लागला आणि ती सरांवरच रुसली. सरांनी भिंतीवरच्या तक्त्याच्या वरच्या दोन ओळी वाचल्या, पुढची शाई उडाली आहे म्हणाले, आणि मांडणी मधोमध घेतली आहे याबद्दल समाधान व्यक्त केलं.

मग त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एका वाडग्यासारख्या मशीनमध्ये डोळा लावून समोर बघायचं असतं, आणि कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. काचबिंदू असला तर कडेचे ठिपके दिसत नाहीत, असं नर्सनं सांगितलं होतं. दार अर्धवट उघडं होतं. आतून बटणाचा टक टक आवाज येत होता. आवाज थांबला की माझा श्वास थांबायचा, पुन्हा टक झालं की सुटायचा. अश्विनीनं माझा हात धरून ठेवला होता. त्या दहापंधरा मिनिटांत मी जितकं देवाचं नाव घेतलं, तितकं माझ्या स्वतःच्या बाळंतपणातही घेतलं नव्हतं.

डॉक्टरबाई वयानं लहान होत्या, पण शांत होत्या. त्यांनी कागद पाहिले, सरांच्या डोळ्यात पुन्हा एकदा प्रकाश टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. चांगला पिकवून आणला तुम्ही."

"अन् काचबिंदू?"

"नाही."

"नाही म्हणजे आत्ता नाही, की..."

"काका, डोळ्याचं प्रेशर नॉर्मल आहे, नस चांगली आहे, बाजूचं सगळं दिसून राहिलं तुम्हाले. मोतीबिंदूनं धूसर झालं म्हणून तुम्ही अक्षरं मोठी केली, अन् मोठी केली म्हणून स्क्रीनवर कमी मावतात. वडलांना होता, तर दरवर्षी येऊन दाखवायचं. बाकी ऑपरेशन करू, घरी जाल त्याच दिवशी."

सरांनी आणखी एकदा विचारलं. त्यांनी आणखी एकदा सांगितलं.

"म्हणजे कागद तेवढाच आहे," सर म्हणाले.

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, तर आम्ही तिघंही खिडकीकडे तोंड करून उभे. सरांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, डोळे पुसले आणि रुमालाची पुन्हा तशीच चौकोनी घडी घातली. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला संत्रा बर्फी घेऊन दिली, आणि तीही दुकानातल्या बाकावर चौघं मावत होतो म्हणून आम्ही चक्क बसून खाल्ली.

ऑपरेशनला भिवापूरहून त्यांची बहीण आली, पिशवीत तिखटाचा डबा घेऊन. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पट्टी काढली तेव्हा मी तिथेच होते. बहीण वाकून म्हणाली, "दादा, दिसून राहिलं का गा तुले?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"तुझे केस पांढरे झाले वं," ते म्हणाले.

"तीन वर्सं झाले पांढरे होऊन," बहीण म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. मग मीही रडले. नर्सनं आम्हा दोघींना बाहेर काढलं, की त्यांना त्रास होईल म्हणून. त्यांना काही त्रास होत नव्हता. ते भिंतीवरच्या दवाखान्याच्या वेळांच्या तक्त्याकडे पाहत होते आणि रकाने नीट आखले नाहीत असं काहीतरी सांगत होते.

दुसरा डोळाही महिन्याभरात झाला. सर काळा चष्मा लावून ऑफिसात आले आणि पहिला दिवस नुसते हिंडले. आमचा कूलर निळा आहे हे त्यांना नव्यानं कळलं. निखिलच्या शर्टावर बारीक चौकडी आहे हेही. संध्याकाळी खुर्चीवर बसले, अक्षरं लहान केली आणि पंगतीची रुंदी चाळीसवरून पुन्हा ऐंशी केली. बाकी कशाला हात लावला नाही.

दोन दिवसांत फिनलंडकडच्या त्या गृहस्थाचं दुःखी पत्र आलं. इतकं सुंदर तत्त्व तुम्ही का सोडलंत, त्यामागचा विचार कळेल का, असं त्यानं फार अदबीनं विचारलं होतं. सरांचं इंग्रजी उत्तर नेहमी मीच टाइप करायची.

"काय लिहू सर?"

"लिही, मोतीबिंदू काढला."

मी तसंच लिहिलं. त्यानं तब्येतीची विचारपूस केली, शुभेच्छा दिल्या. स्वतःकडे मात्र त्यानं रुंदी अजून चाळीसच ठेवली आहे. त्याला ती खरंच आवडते.

त्या आठवड्यात दुपारी आम्ही पोहे खायला निघालो, तर सर गल्लीच्या तोंडाशी थबकले. लांबूनच त्यांनी चक्कीच्या पाटीकडे पाहिलं, मान फिरवली आणि मागच्या रस्त्याला लागले. ऊन मी म्हणत होतं. आम्ही तिघंही मुकाट्यानं त्यांच्या मागून चालू लागलो, आणि निखिल तर शीळ घालत होता.

परत येऊन मी कामाला बसले. थोड्या वेळानं पाठीमागे पावलं वाजली. चार हात लांब थांबली.

"पाचवी ओळ बाहेर आली, पाहा."

ओळ खरंच बाहेर आली होती. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले आणि तिला तशीच राहू दिली.

"पाचवी," सर म्हणाले. "दिसून नाही राहिली का तुले?"

"कुठली सर?" मी म्हटलं. "पुन्हा सांगा."